मास्तरांनी मापलेलं दार

टेलरमास्तरांच्या घराचं दार आतून लागायचं, बाहेरून नाही. खालची फळी कुजलेली, कुलपाचा कोयंडा कधीच उखडून आलेला. घरात गिऱ्हाइकांची कापडं पडलेली, त्यामुळे राखणीला कोणीतरी हवंच. लग्न असो की मयत, मास्तर गेले की बायको घरी आणि बायको गेली की मास्तर घरी. या दोघांचं पटत नाही, अशी नातेवाइकांत आवईच उठली होती. शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, भाचीने नव्या घरी जेवायला बोलावलंय. या वेळी दोघं जाऊ, नाहीतर कोणीच नको."

अंथरूण तोकडं, तरी मास्तर दारांच्या दुकानात गेले. सागवानाची किंमत ऐकून त्यांनी दारावरचा हात चटकन काढून घेतला. न जाणो, हात लावल्याचेही पैसे लागायचे. मग ते स्वस्तातल्या पोकळ दारापाशी आले, सवयीने त्याची कड चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "पाण्याने आटणार नाही ना?"

"तुम्ही दार धुता?" दुकानदाराने विचारलं.

पोकळ दार मापाप्रमाणे बनवून मिळणार होतं. पण माप घ्यायला सुतार आला, तर त्याचे पैसे वेगळे. इथे मास्तर दुखावले. उभा जन्म मापं घेण्यात गेला आणि आता त्यासाठी दुसऱ्याला पैसे मोजायचे? घरी येऊन त्यांनी गळ्यातली टेप चौकटीला लावली. चौकट हलत नव्हती, पोट आत ओढून घेत नव्हती. असं गुणी गिऱ्हाईक त्यांना आजवर मिळालं नव्हतं. पण हाताची सवय वाईट. आकडे लिहिताना चारी बाजूंनी शिलाईसाठी थोडं थोडं मार्जिन त्यांनी सोडलंच.

दार आलं. सुताराने ते चौकटीला लावून पाहिलं, खाली ठेवलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मास्तर, याला टीप कुठून मारू?"

"कापा की चहूबाजूंनी थोडं."

"कापलं तर कडेची पट्टी जाईल. आत नुसती हवा आहे."

"नाकापेक्षा मोती जड," एवढंच बोलून बायको आत गेली. ती भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. जेवायला जाताना घालायचे म्हणून काढलेले कपडे ती कपाटात परत ठेवत होती. ते पाहून मास्तर सुताराकडे वळले.

"सुतारभाऊ, काहीही करा, पण याला बाहेरून कुलूप लागलं पाहिजे," त्यांनी गळ घातली.

सुतार बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग चौकटीत दार बसवायचा नाद त्याने सोडला आणि डब्याला झाकण घालावं तसं ते बाहेरून चौकटीवर टांगलं. आता दार बाहेर उघडू लागलं. येणाऱ्याने ठोठावायचं आणि पटकन मागे सरायचं. पहिल्याच दिवशी कौतुकाने बघायला आलेल्या शेजाऱ्याने ते नाकावर घेतलं. पण कुलूप लागलं!

जेवायच्या दिवशी बायकोने कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. मास्तर आपल्या नेहमीच्या चालीने भराभर निघाले, ते थेट गल्लीच्या वळणापाशी पोचले.

"अहो!" मागून हाक आली. "आज मीही आहे बरोबर."

मास्तर ओशाळले. आनंदही इतका झाला, की भररस्त्यात तो कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि ती येईपर्यंत तिथेच उभे राहिले.