शेवटची जोडी जुळेना

बालीत आमच्या वाडीची वाद्यं जुळवायची ती पान रुमिंग यांनीच. रुमिंग त्यांची थोरली मुलगी. म्हणून ते पान, म्हणजे तिचा बाप, आणि त्यांची बायको मेन, तिची आई.

आमच्या काशाच्या पट्ट्या जोडीनं असतात, एक दुसरीपेक्षा किंचित चढी. दोन्ही एकदम ठोकल्या की आवाजात लाट उठते. लाट संथ असली तर वाद्य जिवंत. जलद झाली की तीच कानात करवत घालते, दात शिवशिवतात.

त्या दिवशी दुपारी देवळात उत्सव होता. वाजवणाऱ्या आम्ही बायका, आणि सगळ्यात बारीक आवाजाची शेवटची जोडी, माझी, सकाळ सरत आली तरी जुळत नव्हती.

पान रुमिंग पट्ट्या ठोकायचे, समोर झावळीचे द्रोण विणणाऱ्या बायकोकडे बघायचे, मग कानस मारायचे. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हातारा रंगेल आहे. त्या दिवशी उजेड पडला. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. तिनं दात आवळले की ते कानस मारत. ती निवांत विडा चघळू लागली की काम झालं.

"जुळली," ते म्हणाले.

मी दोन्ही ठोकल्या. दाढेतून कळ गेली. मेन रुमिंग मात्र निवांत चघळत होती. म्हणजे तिचेही कान गेले होते. बोलले तर चाळीस वर्षांची अब्रू आत्ता जाणार, गप्प बसले तर दुपारी गावादेखत.

"तोंड का शिवलंय गं?" त्यांनी विचारलं.

"ऊन लागतंय इथं." मी उठून मेन रुमिंगला खेटून बसले. "सरका की आजी."

"आधी ढुंगण आवर तुझं."

"आजोबा, ठोका बरं पुन्हा."

त्यांनी ठोकलं. माझं तोंड वाकडं झालं, नाटक करावं लागलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बायकोच्या शांत चेहऱ्याकडे. आता कानस माझ्या डोक्यात घालतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी ती पट्टीवर टेकवली. पाचदा ठोकलं, चारदा मी दात आवळले.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

"झालं."

कानस खाली ठेवून ते बायकोला म्हणाले, "तुला कधीपासून गं?"

"वर्ष झालं," द्रोणावरची नजर न काढता ती म्हणाली. "तुम्ही बघत होतात ना, म्हणून अंदाजानं तोंड वाकडं करत राहिले."