लोखंडाची चव

थोरलीला आकड्यांचं जन्मापासून वावडं. शाळेत गणिताचा तास आला की तिचं पोट दुखायचं, आणि दुखायचं म्हणजे खरोखर दुखायचं. नाटक करण्याइतका बेरकीपणा तिच्यात कधीच नव्हता. ती नर्स झाली ती माणसांसाठी. वीस वर्षं वॉर्डात उभं राहून पाय सुजले, डॉक्टरांची बोलणी ऐकून कान किटले, पण नाडी आणि ताप लिहिण्यापलीकडे आकड्यांना तिने जवळ फिरकू दिलं नाही. तीच बाई आता या वयात भिंतीला टेकून शक्यतेची गणितं सोडवत बसायची. याला कारण तिची धाकटी बहीण.

दोघी एकत्र राहायच्या. थोरलीचं लग्न टिकलं नाही, आणि धाकटीने ते पाहून केलंच नाही. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी धाकटीचं शिलाई मशीन. पँट आखूड करायची, शर्टाची कॉलर उलटवायची, तुटलेली चेन बदलायची, असली सगळी कामं तिच्याकडे यायची. मशीनपेक्षा तिचं तोंड जोरात चालायचं. गिऱ्हाईक कपडे घ्यायला यायचं आणि तासभर गप्पा मारून कपडे तिथेच विसरून जायचं. मग हळूहळू ती जिना चढून आल्यावर बोलेनाशी झाली. आधी श्वास जमवायचा, मग बोलायचं. कोरडा खोकला सुरू झाला आणि तो काही केल्या जाईना.

फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार, असं निदान झालं. थोरलीने वॉर्डात या आजाराची माणसं पाहिली होती, त्यामुळे तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. दुर्दैव तेच होतं.

यावर बरं करणारं औषध नव्हतं. पण थोरलीच्याच हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू केला. त्यात शिरलेल्या निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, म्हणजे नुसती पांढरी वडी, आत औषधाचा पत्ताच नाही. दिसायला दोन्ही सारख्या. कोणाला कुठली, हे लांबच्या एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरने आधीच ठरवलेलं. थोरलीने वॉर्ड सोडून या अभ्यासात बदली मागून घेतली आणि धाकटीचं नाव घातलं. मॅडमनी अट घातली की बहिणीचे कागद दुसरी नर्स बघेल. थोरली कबूल झाली, आणि लगेच हात जोडून म्हणाली, "मॅडम, तिला तेवढी खरी मिळेल असं बघा ना."

"सिस्टर, खरी कुठली ते मलाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर हा अभ्यास."

संमतीपत्रावर पंधरा-वीस त्रासांची यादी होती. धाकटीने ती न वाचताच सही ठोकली. "तू वाचलंयस ना? मग झालं," म्हणाली.

अभ्यासातल्या नर्सना आठवड्यातून एकदा संख्याशास्त्राचा वर्ग असायचा आणि शेवटी परीक्षा. शिकवणाऱ्या सरांना सगळ्या जणी समजा सर म्हणायच्या, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. समजा, शहरात किती लोकांना खोकला आहे ते बघायचंय आणि तुम्ही दवाखान्याच्या दारात उभं राहून मोजलंत. समजा, नाणं दहा वेळा उडवलं. समजा, पिशवीत लाल-निळ्या गोट्या आहेत. थोरलीला पहिले काही वर्ग फक्त गोट्या दिसल्या, त्यातून काय काढायचं ते दिसेना. एक नियम मात्र तिने पक्का लक्षात ठेवला. पेशंटला त्रासाचं नाव घेऊन विचारायचं नाही. "डोकं दुखतं का विचारलंत की दुखायला लागतं," सर म्हणाले होते. "काही वेगळं वाटतंय का, एवढंच विचारा आणि गप्प बसा."

मग एका वर्गात सरांनी आधीच्या एका छोट्या अभ्यासाचे आकडे फळ्यावर लिहिले. खरी गोळी घेणाऱ्या दहांतल्या सात जणांच्या तोंडाला लोखंडासारखी चव येत होती. खोटी घेणाऱ्यांत दहातल्या एकाच्याच. सरांनी ते उदाहरण म्हणून दिलं होतं. थोरलीने मात्र ते घरी नेलं.

त्या दिवसापासून ती धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. "काही वेगळं वाटतंय का गं?" सकाळी. "काही वेगळं?" संध्याकाळी.

"छे. काही नाही," धाकटी म्हणायची आणि चहाचा घोट घ्यायची. तो घोट तिला छान लागायचा, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसायचं, आणि ते पाहून थोरली आपला कप तसाच ठेवून द्यायची. दोन महिने गेले तरी चव काही आली नाही.

एका रविवारी दुपारी ती बटणं घेऊन बसली. परीक्षेचा सराव म्हणून, असं तिने स्वतःलाही सांगितलं. धाकटीच्या डब्यातून दहा पांढरी बटणं काढली, दहा काळी. "यातल्या सात पांढऱ्यांना लाल दोरा बांधून दे," ती म्हणाली, "आणि एका काळ्याला."

धाकटीने शिलाईवालीच्या सफाईने गाठी मारल्या. थोरलीने सगळी बटणं पिशवीत टाकली, डोळे मिटून एक काढायचं, कागदावर खूण करायची, परत टाकून हलवायचं, परत काढायचं, असं सुरू केलं. कागद भरत गेला. दोऱ्याचं बटण निघालं की ते बहुतेक पांढरंच असायचं. बिनदोऱ्याचं निघालं की चारातल्या तीन वेळा काळं.

धाकटी मशीनवरून बघत होती. "पांढरं म्हणजे काय?"

"खरी गोळी."

"आणि दोरा?"

थोरलीचं सगळं लक्ष पिशवीत होतं. हातातलं काळं, बिनदोऱ्याचं बटण बघत ती बोलून गेली, "तोंडाला लोखंडाची चव."

वर्गात कुणी असं केलं असतं तर तिनेच कपाळावर हात मारून घेतला असता. पण त्या वेळी तिला आपण काय बोललो हे जाणवलंसुद्धा नाही. धाकटीने दोरा दातांनी तोडला आणि काम पुढे सुरू केलं.

चार दिवसांनी चहा पिता पिता धाकटीने तोंड वेडंवाकडं केलं. "ताई, चहा कसा लागतोय आज? लोखंडाची पळी चाटल्यासारखा."

थोरलीने कप असा आपटून ठेवला की तो फुटलाच असता. तिने धाकटीला मिठी मारली, मग धाकटीला दम लागला म्हणून सोडली, मग परत मारली. खालच्या इस्त्रीवाल्याने वर बघून विचारलं, "कसली गडबड आहे?" तर "काही नाही हो, चहा बिघडला," म्हणत ती खिडकीतून हसली. कित्येक महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. त्या आठवड्यात समजा सरांचं प्रत्येक गणित तिला सुटलं. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायची, आणि सर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही लपून काही खाऊन येता काय?"

पण श्वासाची ताकद मोजणाऱ्या, फुंकायच्या यंत्रावर धाकटीचा आकडा घसरला. पुढच्या महिन्यात आणखी घसरला. खरी गोळीही सगळ्यांना लागू पडते असं थोडंच आहे, असं थोरलीने स्वतःला समजावलं. घरात मात्र धाकटीच्या चवीला बहर आला होता. आज पाणी लोखंडी, उद्या गोळी खाल्ल्यावर तासभर जीभ जड. जेवढा आकडा खाली, तेवढी चव जास्त.

मग सरांनी विषय काढला तो अभ्यास आंधळा का ठेवतात, म्हणजे कुणाला कुठली गोळी हे कुणालाच का कळू देत नाहीत, याचा. "समजा, पेशंटला कळलं की तुम्हाला काय ऐकायचंय," सर म्हणाले. "माणसं चांगली असतात हो. ती तुम्हाला ते देतात. कधी खोटं बोलून, कधी खरंच तसं वाटून. मग तुमच्या हातात जे उरतं, तो पुरावा नाही. तो तुमचाच आवाज आहे."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी, काळं बटण, आपण बोललेलं वाक्य, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. वर्ग सुटला तरी ती बाकावर बसून राहिली. शेजारी बसलेल्या नर्सने हलवून उठवलं.

खात्री करून घ्यायचा एकच मार्ग तिला दिसला, आणि तो तिला वर्गानेच शिकवला होता. जो त्रास त्या गोळीने होऊच शकत नाही, ज्याचं नाव त्या यादीत कुठेच नाही, असा एक घ्यायचा आणि तिच्या कानावर घालायचा. बहिणीवरच असा सापळा लावताना तिला स्वतःची किळस आली. तरी तिने लावला. संध्याकाळी भांडी विसळता विसळता, तिच्याकडे पाठ करून, सहज बोलल्यासारखं ती म्हणाली, "मॅडम म्हणत होत्या, खऱ्या गोळीवाल्यांच्या बोटांना आता मुंग्या यायला लागतात. या सुमाराला."

"हो का?" धाकटी म्हणाली.

झालं. आता काहीच होऊ नये, एवढंच थोरलीला हवं होतं. काही झालं नाही तर ती चव खरी. पहिला दिवस गेला, धाकटी बोटांबद्दल अवाक्षर बोलली नाही. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी थोरली बाजारातून येताना चक्क गुणगुणत जिना चढली.

धाकटी मशीनपाशी बसली होती. चेहरा उजळलेला. तिने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून. "ताई, बघ ना. सकाळपासून मुंग्या. सुई धरवत नाहीये."

थोरलीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती तिच्यासमोर जमिनीवरच बसली, आणि ते हात हातात घेऊन रडायला लागली. रडणं आवरायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"अगं, रडतेस काय? हे तर चांगलं ना?" धाकटी म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "चांगलं नाही का?"

"मुंग्या येतच नाहीत कोणाला. मी मुद्दाम सांगितलं."

 धाकटीने हात सोडवून घेतले आणि मांडीवर ठेवले. "तुझा चेहरा बघवत नव्हता मला," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ काही वेगळं, काही वेगळं. मी नाही म्हटलं की तू अशी बसायचीस, जशी मी आताच गेले."

"मग लोखंडाची चव?"

"पहिल्यांदा खोटंच सांगितलं." तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत थोरली तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "मग रोज जीभ फिरवून बघायला लागले, येतेय का म्हणून. आणि यायला लागली गं. आता येते की मीच आणते, माझं मलाच कळत नाही. आजच्या मुंग्यापण तशाच. खोटं बोलतेयस का, असं आधी विचारलं असतंस तर सरळ सांगितलं असतं."

एवढीच एक खिडकी होती आत बघायची, आणि थोरलीने ती आपल्या हाताने बुजवली होती. आता धाकटीचं खरं होय आणि खरं नाही, यांतलं एकही तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

"उद्या मॅडमना सांगावं लागेल," ती म्हणाली. "तू तिकडच्या नर्सलापण हेच सांगत होतीस ना? ते सगळं कागदांत गेलंय."

"माझी गोळी बंद करतील?"

"तुझी नाही करणार. मला काढतील अभ्यासातून."

"मग आपल्याला कळणार कधी, खरी की खोटी?"

"सगळ्यांचं एकदमच उघडतात. अजून आठ महिने."

धाकटीने खिडकीबाहेर बघितलं. खाली इस्त्रीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. आठ महिने म्हणजे काय, हे दोघींना माहीत होतं. फुंकायच्या यंत्राचे आकडे कुठल्या वेगाने उतरतायत, हे दोघींनी बघितलं होतं, आणि त्याला संख्याशास्त्र लागत नव्हतं.

"ताई," धाकटी म्हणाली, "एक खरं सांगू? हे माझं मीच सांगतेय, तू विचारलेलं नाहीस."

"सांग."

"भीती वाटते. रोज वाटते. उठल्यापासून. हे कुणाला सांगितलं नाही, कारण ते यादीत आहे की नाही मला माहीत नाही." तिने थोरलीकडे बघितलं. "ही कुठल्या गोळीने होते?"

थोरलीने उत्तर शोधलं. वर्गात शिकलेलं, वॉर्डात शिकलेलं, सगळं चाचपून बघितलं.

"दोन्हींनी होते गं," ती म्हणाली. "मलाही होते. आणि मी तर एकही घेतलेली नाही."