फिटरमामांचा कान

फिटरमामा इंजिन दाताने ऐकायचे. हातभर लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दाढेखाली धरायची आणि डोळे मिटायचे. देवळाली प्रवरेच्या आसपास ज्याचा ट्रॅक्टर किंवा पंप कधी कण्हला असेल, त्याने मामांना तसं बसलेलं नक्की पाहिलंय. सारी हयात साखर कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरापुढच्या लिंबाखाली रोज कुणाचं तरी इंजिन येऊन पडे. मामा खोलण्याआधी रोग सांगत आणि खोलल्यावर तोच निघे. “हाताचं काय, हात कुनालाबी हायेत,” ते म्हणत. “फिटरचा कान गेला म्हंजी फिटर गेला.”

मी त्यांचा शेजारी, हायस्कुलात भूगोल शिकवणारा. निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, नातवंडं सांभाळतात. मी जुनी मोटरबोट घेतली. आमच्या गावापासून समुद्र गाठायचा तर एसटीने अख्खा दिवस मोडतो. “मुळा धरणात फिरवनार का?” लोकांनी विचारलं. नाही, कोकणात, असं मी छाती काढून सांगितलं. बोटीत झोपायला दोन बाकडी होती, एक स्टोव्ह होता आणि डोकं आपटायला छत होतं. नाताळ आटोपला की मी आणि माझी बायको मार्था तिथे जायचो आणि ऊन तापेपर्यंत या खाडीतून त्या खाडीत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचो. मार्था सरकारी दवाखान्यातली निवृत्त सिस्टर. तिने एकच अट घातली होती, की बोटीवर मी कप्तानाची टोपी घालायची नाही. ती मी आधीच शिवून घेतली होती.

पहिल्याच हंगामात माझी विद्या उघडी पडली. दाभोळच्या खाडीत एका धक्क्याला आम्ही भरतीच्या वेळी लागलो. आपल्याकडे गोठ्यात बैल बांधतात तशी मी बोट आखूड दोराने करकचून बांधली, वर दोन गाठी जास्तीच्या मारल्या आणि मासळी आणायला गावात गेलो. परत आलो तर पाणी निघून गेलेलं आणि बोट धक्क्याच्या भिंतीला तिरकी लटकलेली. स्टोव्ह, भांडी, पांघरुणं सगळं एका कोपऱ्यात. ‘भरती-ओहोटीची कारणे लिहा’ हा प्रश्न मी तीस वर्षं तपासला होता आणि चंद्र विसरणाऱ्या पोरांचे गुण निर्दयपणे कापले होते.

फोनवर मामा पोट धरून हसले. “गुरुजी, पाटाच्या आवर्तनाला आमी अर्जावर अर्ज करतो, तवा कुठं म्हैन्या-दीड म्हैन्यानं पानी येतं. तितं रोज दोन आवर्तनं, बिनअर्जाची, आन् तुमी त्याचा टायम चुकवला?”

पण त्याच मामांच्या जिवावर आमचं सगळं दर्यावर्दीपण चाललं होतं. इंजिन जुनं, चार सिलिंडरचं डिझेल. रुसलं की मी फळ्या उचलायचो आणि मामांना फोन लावायचो. आवाज कसा येतोय, कधीपासून येतोय, माझ्या मते त्याचं कारण काय, हे मी सविस्तर सांगू लागलो की पलीकडून ठरलेलं वाक्य येई. “गुरुजी, तुमी जरा गप ऱ्हावा. त्याला बोलू द्या.” मी फोन इंजिनापाशी धरायचो. तिकडे उसाच्या बांधावर उभे राहून मामा ऐकायचे. “तीन ठोके सरळ हायेत, चौथा लंगडतोय. नोझल बघा. तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?”

“येतंय की,” मी म्हणायचो. मला एकसारखा धडधडाट सोडून काहीही ऐकू येत नसे. पण शिक्षकाने ‘समजलं नाही’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

चारेक हंगामांनंतर मामांचं वागणं बदललं. माझा फोन गेला की म्हणत, “शिस्टरबाईंकडं द्या.” मग तिला विचारत, हात ठेवा, ताप कुठं हाय, थरथर कुठं लई वाटती? तिला त्यांनी तसलाच एक पेचकस दिला होता. ती तो दाढेखाली धरून बसे, जे जाणवेल ते फोनवर मोठ्याने सांगे आणि मामा रोग ओळखत. कप्तान मी आणि सल्लामसलत परस्पर! मी दोन दिवस गाल फुगवून सुकाणू धरलं. माझ्या बोलण्याला कंटाळले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तीही तशी खोटी नव्हती.

मग एका हंगामात इंजिन असं बसलं की मामांना यावंच लागलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी समुद्र पाहिला. ओंजळभर पाणी चाखून थुंकले आणि म्हणाले, “लई पानी. पर एक सरी भिजायची न्हाई ह्याच्यावर.” जुजबी दुरुस्तीने इंजिन सुरू केलं आणि पेचकस दाढेखाली धरून बसले. मी नेहमीप्रमाणे बोलत होतो. त्यांनी पेचकसाची जागा बदलली, पुन्हा बदलली. डोळे उघडले. तोंडातून मूठ काढून सदऱ्याला पुसली आणि मार्थाकडे दिली. “शिस्टरबाई, तुमी बघा.” तिने ऐकलं, बोटाने जागा दाखवली आणि मामांनी बरोबर तीच जागा खोलली.

“तुम्ही स्वतः का नाही...” मी सुरुवात केली आणि मार्थाने मला असा चिमटा काढला की वळ चार दिवस टिकला.

मामांना एसटीत बसवून आल्यावर तिने सांगितलं. दोन वर्षं त्यांना मशीनचं बारीक काही ऐकू येत नव्हतं. माणूस मोठ्याने बोलला तर कळे, पण लंगडा ठोका गेला होता. नगरला कान तपासायला तिनेच गुपचूप नेलं होतं. लिंबाखाली आलेल्या माणसाला मामा प्रश्न विचारत, हाताने चाचपत, जन्मभराच्या अनुभवावर सांगत. कुणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर एकही इंजिन त्या दारात आलं नसतं, आणि त्याशिवाय त्या माणसाकडे जगायला दुसरं काही नव्हतं.

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही बसस्टँडपर्यंत पोचायच्या आत गावाला कळलं असतं,” ती म्हणाली.

मला राग आला. एवढं मात्र खरं, की माझ्या आयुष्यात मी पाळलेलं ते एकमेव गुपित. पारावर दहा वेळा जिभेच्या टोकावर आलं आणि दहा वेळा मी चहाबरोबर गिळलं.

गेल्या वर्षी मामा झोपेतच गेले. दशक्रियेला नदीकाठी मोठा मांडव होता. वीज नव्हती, म्हणून माइकसाठी मागे जनरेटर लावला होता. वक्त्यांमागून वक्ते उठत होते. “शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचा कान शाबूत होता,” एक पुढारी म्हणाले आणि माणसांनी माना डोलावल्या. मग माझं नाव पुकारलं.

माइक हातात घेतला. आठवण अशी होती की सगळा मांडव रडला असता. एक म्हातारा माणूस ऐकू येत नसताना कान असल्यासारखा कसा जगला, ही! ओठांवर पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. समोर मार्था होती. तिने मला खुणावलंही नाही, नुसती बघत राहिली. आणि मला मामांचा आवाज आला, तुमी जरा गप ऱ्हावा.

मी गप्प राहिलो. लोकांना वाटलं, गुरुजींचा कंठ दाटला. मामांची फार आठवण येत होती. त्या शांततेत मांडवामागचा जनरेटर चालला होता. तीन ठोके सरळ, चौथा लंगडा. तीन सरळ, चौथा लंगडा. मी हात जोडले आणि खाली येऊन मार्थाशेजारी बसलो.

“ऐकू येतंय?” तिने हळूच विचारलं.

“येतंय की,” मी म्हणालो. सात वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो.