रागाने विणलेला रुमाल

मला शांत करण्यासाठी डॉक्टरांनी सुचवलेल्या उपायाने माझ्या बहिणीचं लग्न जवळजवळ मोडलं.

नया नगरच्या तोंडाशी माझं नळ-पाइपांचं दुकान. रिकाम्या हाताने मीरा रोडला आलो आणि तोंडाच्या जोरावर ते उभं केलं (तोंड अजून तसंच आहे). नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं ब्लड प्रेशर चढलं. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी शांत काम द्या. बायकोने, वैशालीने, आपल्या हातातली क्रोशाची सुई माझ्या हातात कोंबली. माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या रुखवतासाठी ती गोल रुमाल विणत होती. रुखवतात मुलीच्या हातच्या वस्तू मांडायच्या, आणि सुनंदाला साधं बटण लावता येत नव्हतं. सासरच्यांपुढे तिची अब्रू म्हणजे तो एक रुमाल.

मी गल्ल्यावर बसून विणू लागलो. टँकरवाल्याने पाणी कमी टाकलं, एक फेरा घट्ट. गिऱ्हाईक म्हणालं, "सेठ, बाजूवाला सस्ता देता है," आणखी चार फेरे घट्ट. टाके आवळले की कड आत वळते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नापर्यंत रुमालाची टोपी झाली! वैशालीने इस्त्री फिरवली, गादीखाली दाबून ठेवली. टोपी पुन्हा उठून बसली.

हॉलमध्ये विहीणबाईंनी ती उचलून उलटसुलट पाहिली. "टाके काही धड नाहीत हो. बाजारात याहून बरे मिळतात."

माल घ्यायचा असला की आधी त्याला नावं ठेवायची, ही युक्ती मी आयुष्यभर वापरली. पण माझ्याच मालाला?

"दोन महिने विणलाय मी तो!" मी ओरडलो.

सनईत कुणाला ऐकू गेलं नसेल, असं वाटलं. सनई नेमकी तेव्हाच थांबली होती.

विहीणबाई सुनंदाकडे वळल्या. "मग तुला काय येतं गं?"

मुंडावळ्या सावरत सुनंदा म्हणाली, "दादाला सांभाळता येतं."

विहीणबाईंनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. "मग आमच्याकडे तुला काहीच जड जाणार नाही."

लग्न लागलं. माझा रुमाल त्यांच्या चहाच्या किटलीवर चपखल बसला. तो रुमालच आहे, हे मी आजही सांगतो. कुणी ऐकत नाही. परवा विहीणबाईंचा निरोप आला: जुनी टोपी विरली, दुसरी द्या, आणि तशीच रागाने विणा.

सुई घेऊन बसलोय. डॉक्टर खूश आहेत. पण कितीही शिव्या घातल्या तरी मेला रुमाल सपाटच येतोय!