खिडकीवरची गोधडी आणि माझी हाडं

गुजराती डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "बेन, ऑस्टिओपोरोसिस छे." मी विचारलं, "म्हणजे कॅन्सर का हो?" ते हसले नाहीत, म्हणून मी जास्तच घाबरले. मग त्यांनी हिंदीत समजावलं, की हाडातलं कॅल्शियम कमी होतं, हाड आतून विरळ होतं आणि जरा कुठे पडलं की मोडतं.

माझं तसंच झालं होतं. मोरीत पाय घसरला, हात टेकला, आणि मनगट गेलं. वय सत्तेचाळीस. एवढ्यानं काय होतंय म्हणत मी दोन दिवस हळद लावून बसले. बायांनो, असा मूर्खपणा करू नका.

डॉक्टरांनी विचारलं, पाळी कधी गेली? पस्तिशीतच गावाकडे जाऊन गर्भपिशवी काढली होती, अंडाशयांसकट. त्यानं हाडं लवकर झिजतात, हे तेव्हा कोणी बोललं नाही. दूध घेता का? दूध आमच्या ह्यांच्या चहापुरतं. शेवटी म्हणाले, "तडको लो छो?" म्हणजे अंगावर ऊन घेता का.

काय सांगणार? आमचे हे लूमवर, कापडाच्या मागावर, कायम नाइट पाळीला. सकाळी येऊन झोपायचे. आमच्या गल्लीत कुणाच्या खिडकीवर दिवसा गोधडी दिसली, की समजायचं, घरातला माणूस नाइटवर आहे. मीही लग्न होऊन सुरतेत आले त्या आठवड्यात गोधडी टांगली. एकच खोली. दाराच्या फटीतल्या उजेडात बसून मी साड्यांचे धागे कापायची. भांडं वाजू द्यायचं नाही, बोलायचं नाही. वीस वर्षं.

प्लास्टर दीड महिना होतं. दवाखान्याच्या बाकावर प्रत्येकीबरोबर कोणी ना कोणी असायचं. माझ्याबरोबर माझी पिशवी. यांना उठवायचा जीव होईना.

डॉक्टर म्हणाले, "आता पडलात तर खुबा मोडेल, मग खाट." त्या अंधाऱ्या खोलीत मी पडून, शेजारी झोपलेला माणूस, आणि हाक मारायची चोरी! मला मरणाची नाही, त्या खाटेची भीती वाटली.

कॅल्शियमच्या, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या सुरू झाल्या. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, तीळ, वाटीभर दही. रोज चाला, उन्हात बसा. पण गच्चीचा जिना कठड्याविना, तिथे एकटीनं चढायची छाती होईना.

शेवटी एका सकाळी हे झोपल्यावर मी एका हातानं गोधडी ओढून काढली. ऊन थेट यांच्या तोंडावर.

यांनी डोळे किलकिले करून आपल्या अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं?"

"डॉक्टरांनी ऊन सांगितलंय. तुमची झोप..."

"मी पडनू का झोपनू. माले काय उजेड नि काय अंधार," हे म्हणाले. "माले वाटे, तुलेच उजेड नको."

अगं बाई! वीस वर्षं! मला असा संताप आला, की मी रडत रडत भांडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. हे उठून बसले, माझा प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि ऐकत राहिले.

त्या दिवशी हे दुपारपर्यंत जागे होते.