तुमचं घर पक्कं

मला तोंड आवरत नाही. आई लहानपणापासून सांगत आलीय, "उचलली जीभ लावली टाळ्याला. एक दिवस महागात पडेल." पडलं महागात, पण मला नाही. माझ्या एका वाक्यापायी सिल्वासाकडच्या, खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरच्या बाईने आपलं राहतं घर उतरवलं. चार वर्षं झाली. अजूनही कोणी सहज 'पक्कं' म्हणालं तरी माझे कान तापतात.

तेव्हा मी मुंबईच्या कॉलेजात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्षाअखेरीला वीस मिनिटांची फिल्म करून द्यायची होती. आमच्या गटातला दिग्दर्शक मुलगा मुंबईतच वाढलेला, हुशार आणि महाहट्टी. त्याच्या गोष्टीत एक म्हातारा घरात एकटा बसून राहतो आणि बाकी काही म्हणजे काही घडत नाही. घडत नाही म्हणूनच की काय, त्याला घर मात्र जबरदस्त हवं होतं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, वर कौलं. "सिमेंट कहीं नहीं दिखना चाहिए," असं तो दिवसातून चारदा म्हणायचा.

"अरे, मी सिल्वासाची आहे," मी ठोकून दिलं. "आमच्याकडे अशी घरं ढिगाने आहेत. लोकेशन माझ्यावर सोड. तिथल्या लोकांशी बोलायचंही माझ्यावर सोड."

यातलं निम्मं खोटं. मी सिल्वासाची म्हणजे अथालच्या एका चाळीतली. वडील धुळ्याकडून सुताच्या कंपनीत कामाला आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही अहिराणी बोलतो, शाळेत गुजराती बोलायचो, रस्त्यावर हिंदी. खानवेलच्या पाड्यांवर मी उभ्या जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. सहलीच्या बसच्या खिडकीतून बघितलं होतं, झालं. पण मुंबईच्या पोरांसमोर मी 'तिकडची' झाले होते आणि ते मला फार आवडत होतं.

एप्रिलचं ऊन होतं. वडिलांच्या स्कूटरवर मी आणि दिग्दर्शक दोन दिवस वणवण फिरलो. अथालला कंपन्यांच्या शेडच शेड. वासोण्याकडे सफारीत सिंह बघायला आलेल्यांच्या गाड्या. जरा आत शिरावं तर प्रत्येक घरावर नवा स्लॅब, समोर टाईल्सचा ओटा. एखादं जुनं घर सापडलंच तर त्याला मागून सिमेंटची एक खोली जोडलेली. दिग्दर्शकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. लोकांनी बरी घरं बांधली याचा आम्हाला चक्क राग येत होता. हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खानवेलच्या पुढे, एका पाड्याच्या टोकाला ते घर दिसलं. कारवीचा कूड, सारवलेला. नळीची कौलं. अंगणाच्या कडेला आंबा, समोर मोहाची फुलं वाळत घातलेली. दिग्दर्शक स्कूटर थांबायच्या आत उतरला.

घरात दोघंच. पन्नाशी उलटलेली ती बाई आणि कंबरेतून गेलेला तिचा नवरा. तो आत खाटेवर पडून होता. ती शेजारून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, पदराने पुसली आणि म्हणाली, "बसा मॅडम."

मॅडम! एकविसाव्या वर्षी मला कोणी पहिल्यांदाच मॅडम म्हणत होतं. मी बसले, आणि ऐटीत बसले. मावशी, मला मॅडम म्हणू नका, एवढं म्हणायला काय जात होतं? पण नाही म्हटलं.

मग आमचं काम सुरू झालं. घराचे चारही बाजूंनी फोटो काढले. दाराच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून तिला दारात उभं करून फोटो काढला. टेप लावून भिंती मोजल्या. मी वहीत लिहीत होते: दार पूर्वेला, भिंत अकरा फूट, वीज आहे, माणसं दोन.

"सिल्वासावरून आले ना तुमी?" तिने विचारलं.

"हो, सिल्वासावरूनच."

"माझा नाव लिवला?"

"लिहिलं की." नाव लिहायलाच लागायचं. घरमालकाच्या परवानगीचा एक कागद कॉलेजला हवा असायचा. तो इंग्रजीत होता. मी तिला तो वाचूनसुद्धा दाखवला नाही. "इथे अंगठा द्या," म्हटलं, आणि तिने दिला.

दिग्दर्शक मला हिंदीत म्हणाला, आतलं सामान हलवायला सांग, कॅमेऱ्याला जागा लागेल. मग त्या बाईकडे वळून मी माझ्या खास थाटात जाहीर केलं, "मावशी, तुमचं घर पक्कं! जागा मोकळी करून ठेवा. पंधरा दिवसांत काम सुरू होईल."

"पक्का?" तिने विचारलं.

"एकदम पक्कं."

"जागा सगळी मोकळी करायची?"

"हो, सगळी."

तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आपलं घर सिनेमात येणार म्हणून हरखली. सिनेमा हा शब्द मी तिच्यासमोर उच्चारलाच नव्हता, हे मला तेव्हा सुचलंही नाही. निघताना तिने पिशवीभर कैऱ्या दिल्या. आईने त्यांचं लोणचं घातलं.

पंधरा दिवसांनी आम्ही सहाजण लाईट आणि ट्रंका घेऊन भाड्याच्या टेम्पोने पोचलो. तर घर नाही. मला आधी वाटलं, रस्ता चुकला. मग आंबा ओळखीचा वाटला. आंब्याखाली खाट होती आणि खाटेवर तिचा नवरा. बाजूला भांडी, गोधड्या, देवाचा फोटो. कारवीचे भारे बांधून रचलेले, वासे एकीकडे. घर होतं तिथे झाडून साफ केलेली जमीन, आणि चार कोपऱ्यांवर चार दगड.

ती लगबगीने आली. "या मॅडम. जागा मोकळी केली."

आणि मी काय म्हणाले? "अहो मावशी, हे काय करून ठेवलंत! कोणी सांगितलं तुम्हाला?" सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात.

ती ओशाळून हसली. "तुमीच ना."

मग तिने शेजारच्या स्लॅबच्या घराकडे बोट दाखवलं. त्यांचंही असंच झालं होतं. सिल्वासावरून माणसं आली, घराचा फोटो काढला, दारात उभं करून माणसाचा काढला, माप घेतलं, नाव लिहिलं, अंगठा घेतला. मग सरकारकडून घर पक्कं झालं. हिचा नंबर लागत नव्हता, तो आता लागला होता. कौलं तिने दिराला देऊन टाकली होती, त्याच्या घरावर चढलीसुद्धा. "स्लॅब आली म्हनजे कौलं कशाला?"

दिग्दर्शक विचारत होता, "घर किधर है?" मी म्हटलं, "तोड़ दिया." त्याने कपाळाला हात लावला, "यार, मेरी लोकेशन!" मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण मी तरी काय वेगळी होते? माझ्याही मनात पहिल्यांदा शूटिंगच आलं होतं.

ती आमच्या टेम्पोभोवती फिरून आली. ताडपत्री जरा उचलून तिने आत बघितलं. "सिमेंट हाय ना मॅडम यात?"

तिथे खरं सांगायला हवं होतं. तिथेच, त्या मिनिटाला. मी म्हणाले, "साहेबांशी बोलून कळवते."

कसले साहेब आणि कुठले साहेब! टेम्पोत बसले आणि मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. संध्याकाळपर्यंत दुसरं घर मिळालं, मागे सिमेंटची खोली असलेलं. कॅमेरा जरा तिरका लावला की ती दिसायची नाही. तीन दिवस शूटिंग झालं. मी पांढरा थर्माकोल धरून फिल्ममधल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर उजेड पाडत होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं, तो नवरा आंब्याखाली आहे. पाऊस महिन्यावर आला होता.

शूटिंग संपवून घरी आले. ताटात आईने तेच लोणचं वाढलं आणि मी ते ताटाच्या कडेला सारलं. वडील समोर जेवत होते. मी सगळं सांगितलं, मुंबईच्या मुलांना मधूनमधून दोष देत, 'तिनेही विचारायला हवं होतं ना' असं म्हणत.

वडिलांनी हात थांबवला. आमच्या घरात 'पक्कं' हा काही साधा शब्द नाही. वडील तेव्हा बावीस वर्षं कंपनीत कंत्राटी होते. दर दिवाळीला साहेब म्हणायचे, इस साल पक्का कर देंगे. एका वर्षी वडिलांनी तेवढ्यावर विश्वास ठेवून चाळभर पेढे वाटले होते. मी तेव्हा सातवीत होते, पेढ्यांचा खोका घेऊन मीच दारोदार फिरले होते. त्या एका शब्दावर माणूस काय काय करून बसतो हे ज्या घरात रोज दिसतं, त्या घरातली मी मुलगी. आणि मीच त्या बाईला ऐटीत सांगून आले, एकदम पक्कं.

"तिले सांगं का नही, खरं काय ते?" वडिलांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"माले आजलगून कोनी तोंडवर 'नही' म्हनना नही," ते म्हणाले. "म्हनना असता तं बरं व्हतं. जाय, सांगी ये." आणि ते उठून हात धुवायला गेले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. ती खाटेजवळ तांदूळ निवडत होती. मला बघून उठली आणि शेजारी खुर्ची आणायला निघाली. मी तिचा हात धरून थांबवलं.

"मावशी, मी ऑफिसातली नाही. मी शिकते. आम्ही सिनेमा करतो. तुमच्या घरात शूटिंग करायचं होतं."

"मंग पक्का म्हनजे?"

"पक्कं म्हणजे... ठरलं. शूटिंगला तुमचं घर ठरलं, एवढंच."

"आन अंगठा?"

"तो कॉलेजला लागतो."

ती खाली बसली. शिव्या घालेल, आसपासच्या लोकांना बोलावेल अशी मी तयारी करून गेले होते. बसमध्ये उत्तरंसुद्धा पाठ केली होती. तिने तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. मग विचारलं, "तुमाला आमचा घर आवडला होता?"

"हो."

"तसाच? कुडाचा?"

"हो."

"कशाला?"

याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. आजही नाही. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिले. मग तीच म्हणाली, "बस बाय, चाय करते." मी मॅडमची बाय झाले होते, आणि माझ्यासाठी आता कोणी खुर्ची आणत नव्हतं. मी जमिनीवर बसले.

मी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. तिचं नाव घरकुलांच्या यादीत नव्हतं. अर्ज भरून दिला आणि ते तिला तसंच सांगितलं: अर्ज भरलाय, मिळेलच असं नाही. असं धड वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

पुढचे तीन रविवार वडील आणि मी पाड्यावर गेलो. वडिलांना कूड बांधता येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी वही काढून शहाणपणाने म्हटलं, "भिंत अकरा फूट होती." तिने वहीकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात पसरून तिने वाव मोजले आणि पहार रोवली. दिराने निम्मी कौलं परत दिली, कुरकुरत का होईना. उरलेल्या छपरावर निळं प्लास्टिक आलं. आमची फिल्म तोवर पूर्ण झाली होती आणि तिचं कौतुकही झालं. मी ती घरी कधी दाखवली नाही.

तिसऱ्या रविवारी सारवण चाललं होतं. मी पाटीत शेणमाती कालवत होते. वडील कुडाला थापत होते, ती शेजारी थापत होती आणि तिचा नवरा खाटेवरून कुठे राहिलंय ते दाखवत होता.

"तुमी कंपनीत ना?" तिने वडिलांना विचारलं.

"हा बाई. बावीस वरीस."

"पक्के?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नही अजून," ते म्हणाले. "साहेब म्हनस, करसू."

ती हसायला लागली. मग वडीलही हसले, पोट धरून, कितीतरी दिवसांनी, आणि खाटेवरचा म्हाताराही खोकत खोकत हसला. मला हसता आलं नाही. मी मान खाली घालून माती कालवत राहिले, आणि तिने हाक मारली, "बाय, माती आन लवकर, हा सारवण सुकतो."