चुलीवरच्या फळ्या

गेल्या मार्गशीर्षात, एका सोमवारी दुपारी, माझ्या आईने नसरापूरच्या आमच्या नव्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला नकार दिला. ती सकाळच्या एसटीने गुंजवण्याहून आली होती. स्वयंपाकघर झालं की कायमची राहायला येईन, असं तिने दिवाळीत कबूल केलं होतं. वडील गेल्यापासून सहा वर्षं ती तिकडे एकटीच राहते. आमचं मूळ घर धरणाच्या पाण्याखाली गेलं. आई राहते ते घर पाण्याच्या रेषेच्या वर, विटांचं, दोन खोल्यांचं आहे; शेजारी थोडं भातशेत आहे.

स्वयंपाकघराची जमीन लाकडी करायची ही कल्पना माझी. लाकूड घरचंच होतं. गाव उठण्याआधी वडिलांनी जुन्या घराच्या माळ्याच्या एकवीस फळ्या सोडवून टेम्पोत घातल्या होत्या. फळ्या ऐनाच्या, हातभर रुंद. पुढे त्या आईच्या घरामागे पत्र्याखाली दगडांवर रचून ठेवलेल्या होत्या. तो माळा आमच्या चुलीच्या बरोबर वर होता. लहानपणी ताप आला की मला वर झोपवत. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून खाली भाकरी थापणारी आई दिसायची, म्हणजे तिचा भांग आणि हात. तेवढंच दिसायचं.

फळ्यांच्या एका बाजूला पायांनी आणि पोत्यांनी आलेली झिलई होती. दुसऱ्या, म्हणजे खालच्या बाजूवर चाळीसेक वर्षांच्या धुराची काजळी बसून लाखेसारखी घट्ट झाली होती. कापूरहोळच्या सुताराने झिलईची बाजू रंधून वर घेतली, काळी बाजू खाली दाबली आणि चार दिवसांत जमीन बसवली. रंग गडद तांबूस आला. त्यामुळे कपाटं फिकी घ्यायची असं माझ्या बायकोने ठरवलं. सुतार तिच्याशी सहमत होता.

"वैनी, खाली काळं अन् वर बी काळं केलं, तर दिवसा बॅटरी लावून भाकरी करावी लागंल," तो म्हणाला.

कपाटांचं काम सुरू व्हायचं होतं. त्याआधी आईने जमीन पाहावी म्हणून आम्ही तिला बोलावलं.

ती दारात थांबली. चपला तिने अंगणातच काढल्या होत्या. खाली पाहिलं आणि विचारलं, "ह्या माळ्याच्या न्हवं?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्याच."

"डोईवरचं पायाखाली घातलंस व्हय?"

"आई, वर आपण चालतच होतो की."

"चालत न्हवतो. वाकून जायचो. अन् बियाणं भरलं की कुणी चढत न्हवतं, तुझा बाप बी न्हाई. हितं तू ताठ उभा ऱ्हाणार, खरकटं सांडणार." मग बायकोकडे वळून म्हणाली, "पोरी, तुझा दोष न्हाई. तुला काय ठावं. ह्याला ठावं हाय, ह्यो त्याच्यावर निजलाय."

बायको म्हणाली, "आई, मी रोज पुसून घेईन."

"पुसशील गं. पर म्या न्हाई पाय ठेवायची."

ती ओसरीवर बसली आणि चहा तिथेच प्यायली. दुपारच्या जेवणालाही आत आली नाही. बायकोने ताट बाहेर आणून दिलं. माझ्या मनात त्या वेळी एकच हिशेब चालू होता: जमीन राहिली तर आई येणार नाही. ती फळ्यांवरून चालेल, पूर्वी मी वर आणि ती खाली होती, तसं न राहता आता दोघं एकाच बाजूला असू, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. ते मी तिला सांगितलं नाही. तीन वाजता सुताराला फोन केला.

तो आला, ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "दादा, घातलेली जमीन उचलायची म्हंजे लगीन लावून मांडवातनं नवरी परत धाडायची."

"उचलता येईल का?"

"स्क्रूवर हाय, येती की. पर मावशींनी आधी सांगायचं ना."

"मला इचारलं कुणी?" आई ओसरीवरून म्हणाली.

दोन दिवस लागले. आई तेवढे दिवस ओसरीला लागून असलेल्या खोलीत राहिली. बुधवारी सुताराने फळ्या अंगणात आणून काळी बाजू वर करून ठेवल्या. आई उठून त्यांच्यापाशी आली आणि उकिडवी बसली. मग एका फळीवर हात ठेवून म्हणाली, "ही चुलीवरली."

ती फळी सर्वांत काळी होती. आईने ती मधोमध ठेवायला लावली. "ही तिच्या डाव्या अंगाची. हितं शिंकं व्हतं, कडीचं भोक बघ." भोक होतं. "ही भिंतीकडची. अन् ह्या दाराकडच्या. तिथं वारा लागायचा, म्हणून पिवळट ऱ्हायल्या." सुतार उचलून देत होता, ती बोटाने जागा दाखवत होती. अर्ध्या तासात माळा अंगणात उलटा मांडून झाला. मधे काळा, कडेला तपकिरी, दाराकडे जवळजवळ पिवळा.

शेजारशेजारच्या फळ्यांच्या टोकांवरची खिळ्यांची भोकं मी जुळवून पाहिली. एकोणीस फळ्यांची जुळली. उरलेल्या दोन फळ्यांची टोकं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे खात्री करता आली नाही. जी फट मला आठवत होती ती चुलीवरच्या फळीच्या उजव्या कडेला निघाली. वरून पाहणारा मी ती डावीकडे समजत होतो.

सुताराने ओलं फडकं एका फळीवरून फिरवलं. धुराचा वास आला. आईने त्याच्या हातातून फडकं मागून घेतलं आणि एकवीसही फळ्या स्वतः पुसल्या. मधे एकदा थांबून ती म्हणाली, "ह्याची कपाटं करा. काळं अंग भायेर."

सुताराने बायकोकडे पाहिलं. बायको फळ्यांभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "मग जमीन फिकी घ्यावी लागेल. सागाची. नुसतं साधं पॉलिश."

"जमतंय," सुतार म्हणाला. "सागाला पिवळी झाक हाय, ह्या ऐनाच्या काळ्यात तांबडी. भांडत न्हाईत. पर वैनी, परवा तर मला सांगत व्हता, काळी कपाटं नकोत म्हणून."

"परवा फळ्या उलट्या पाहिल्या नव्हत्या."

आई त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेली. काम झालं की कळवा, म्हणाली.

काम माघाच्या शेवटी झालं. सागाच्या पट्ट्या आडव्या, कपाटांची दारं उभी. आईने लावलेला क्रम सुताराने फळ्यांच्या मागे खडूने लिहून ठेवला होता, तो मोडला नाही. शेगडीच्या वरच्या कपाटाला चुलीवरली फळी, खिडकीकडे पिवळट. बायकोच्या मैत्रिणी आल्या की पहिल्यांदा हा रंग कुठे मिळाला असं विचारतात.

फाल्गुनात आई दोन पिशव्या घेऊन आली. सागाच्या जमिनीवर पाय ठेवताना ती थांबली नाही. सरळ शेगडीपाशी गेली, वरच्या कपाटाच्या दारावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मग चिमणीचं बटण पाहून विचारलं, "हे कशाला?"

"धूर ओढायला," मी म्हणालो.

"धूर कुठाय?"

बायको हसली. आईही हसली. तिने त्या दिवशी बारा भाकऱ्या केल्या. आम्ही तिघंच होतो.

ती सत्तावीस दिवस राहिली. सकाळी पाचला उठायची, चहा करायची, कपाटाची दारं कोरड्या फडक्याने पुसायची. दुपारी झोपायची नाही. खिडकीतून हायवेकडच्या गाड्या पाहायची. मी घरी असलो की स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचो. ती पाठमोरी असायची. विशेष बोलणं व्हायचं नाही. एकदा तिने न वळता विचारलं, "भूक लागली का?" आणि मी लागली नसताना हो म्हणालो.

चैत्र लागला तसं तिने पिशव्या भरायला घेतल्या. वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा होता, मग भाताचं रोप टाकायचं, मग लावणी.

"शेत वाट्याने देऊ," मी म्हणालो. "तू यायचं ठरलं होतं."

"आले न्हवं मी?"

"राहायला."

तिने शेगडी पुसली, फडकं पिळून दांडीवर टाकलं. "सैपाकघर चांगलं झालंय," ती म्हणाली. "लावणी झाली की येते."

मी तिला नसरापूरच्या स्टँडवर सोडलं. गुंजवण्याकडे जाणारी वेल्ह्याची गाडी वीस मिनिटं उशिरा आली.

लावणी आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्याला आता सव्वा महिना झाला. काल संध्याकाळी साडेसहाला फोन लागला, तेव्हा आई गुंजवण्याच्या घरी होती आणि चूल पेटवत होती.